कुत्र्याला कच्चं मांस घालायचंय? आधी वजनकाटा आणा

आमच्या भुरीला कच्च्या मांसावर आणलं तेव्हा पहिले तीन आठवडे मी स्वतःवर भलताच खूश होतो. रोज सकाळी बोनलेस चिकन, वर एक अंडं. भांडं चाटूनपुसून लख्ख आणि अंगावर चकाकी. चौथ्या आठवड्यात लसीसाठी डॉक्टरांकडे गेलो. काय खायला घालता, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि हिला कॅल्शियम कुठून मिळतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 100 ग्रॅम नुसत्या मांसात जेमतेम 10 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस सुमारे 200. कुत्र्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्तच लागतं, 1 ते 2 पट या दरम्यान. अन्नातून ते आलं नाही तर शरीर हाडांतून काढून घेतं. मोठ्या कुत्र्यात हे कित्येक महिने दिसत नाही. वाढत्या पिल्लात काही आठवड्यांत दिसतं: पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. म्हणजे मी तीन आठवडे प्रेमाने तिची हाडं झिजवत होतो.

तेव्हापासून कोणी कच्च्या आहाराबद्दल विचारलं की मी सांगतो, मांस मिळवणं सगळ्यात सोपं. अवघड आहे तो हिशोब आणि स्वयंपाकघरातली स्वच्छता. ही दोन्ही कामं रोज, कंटाळा न करता होणार असतील तर पुढे वाचा.

आधी ठरवा, करायचं का?

ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी 1993 मध्ये हाडं, कच्चं मांस आणि थोडा भाजीपाला अशा आहाराचा पुरस्कार केला आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. कुत्रा म्हणजे घरात राहणारा लांडगा, हा तिचा आवडता युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात साधारण 2 प्रती असतात, कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट. हे 2013 च्या संशोधनात पुढे आलं. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा परिणाम, दुसरं काय! त्यामुळे कुत्र्याला कच्चं मांस लागतंच असं नाही. ते पचतं, आवडतं आणि शी कमी होते, एवढं खात्रीने सांगता येतं. ऍलर्जी जाते, आयुष्य वाढतं, कॅन्सर होत नाही, या दाव्यांना भक्कम पुरावा नाही.

उलट बाजू चांगली नोंदवलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 ते 2012 या काळात पाळीव प्राण्यांच्या तयार कच्च्या अन्नाचे 196 नमुने तपासले. 15 मध्ये साल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया हे माणसाला आजारी पाडणारे जंतू सापडले. तिथल्या पशुवैद्यक संघटनेने 2012 पासून कच्चा प्राणिज आहार देऊ नये अशीच भूमिका घेतलेली आहे. "कुत्र्याच्या पोटातलं ऍसिड एवढं जहाल असतं की जंतू उरतच नाहीत" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कुत्रा स्वतः ठणठणीत राहतो हे बऱ्याचदा खरं. पण त्याच ठणठणीत कुत्र्याच्या विष्ठेतून साल्मोनेला दिवसच्या दिवस बाहेर पडत राहतो, आणि ज्या जिभेने तो स्वतःला चाटतो त्याच जिभेने तुमच्या नातवाचा गालही.

म्हणून काही घरांत हे करूच नये. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, थकलेली वयस्क माणसं, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारं कोणी असेल तर विषय तिथेच संपवा. कुत्र्याच्या बाजूनेही तसंच. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेली, किडनी किंवा लिव्हरचा आजार, स्टेरॉइडचा कोर्स चालू, अशा कुत्र्याला कच्चं नको. पिल्लांबद्दल मी फार कडक आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडून चालत नाही आणि जास्त झालेलं त्याचं शरीर बाहेर ठेवू शकत नाही. दोन्हीकडून हाडं बिघडतात. पशुआहारतज्ज्ञाने लिहून दिलेला तक्ता हातात नसेल तर पिल्लावर हा प्रयोग नको.

पायरी पहिली: डॉक्टर, रक्त, शी

सुरू करण्याआधी रक्ताची साधी तपासणी, दातांची पाहणी आणि विष्ठेची जंतांसाठी तपासणी करून घ्या. डॉक्टर कच्च्या आहाराच्या विरोधात असतील, बरेच असतात. तरी लपवू नका. भरपूर मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या रक्तातला युरिया थोडा वर गेलेला दिसू शकतो आणि आहार माहीत नसेल तर किडनीचा संशय येऊन नसत्या तपासण्या मागे लागतात. जुलाब झाले तर कुठले जंतू शोधायचे हेही त्यावरून ठरतं.

पायरी दुसरी: किती घालायचं

मोठ्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के, हा सर्वसाधारण ठोकताळा. वजन म्हणजे त्याचं असायला हवं ते वजन. लठ्ठ कुत्र्याचं आजचं वजन धरलं तर लठ्ठपणाच पोसाल. 20 किलोच्या कुत्र्याला 2.5 टक्क्यांनी 500 ग्रॅम. यात मांस किती चरबीचं आहे त्यावर साधारण 750 ते 1000 कॅलरी येतात. नसबंदी झालेल्या, मध्यम फिरणाऱ्या 20 किलोच्या कुत्र्याची गरज गणिताने हजाराच्या आसपास निघते, त्यामुळे काहींना 500 ग्रॅम पुरेल, काहींना 600 लागेल. काटा खरं काय ते सांगेल. दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि बरगड्यांवर हात फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या बोटांना मोजता आल्या पाहिजेत, पण लांबून दिसता कामा नयेत.

पायरी तिसरी: काय काय आणि किती

सर्वाधिक वापरात असलेली वाटणी अशी: 70 टक्के मांस, 10 टक्के खाण्याजोगं हाड, 5 टक्के कलेजी, 5 टक्के गुर्दा किंवा तिल्ली, 10 टक्के भाजी. भाजी नको म्हणणारे मांस 80 टक्क्यांवर नेतात. मी भाजी ठेवतो, कारण थोडा चोथा मिळाला की भुरीचं पोट वेळेवर साफ होतं.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. पहिलं, हृदय आणि पेटा हे आतल्या अवयवांत धरायचे नाहीत. ते स्नायू आहेत, त्यांचा हिशोब मांसात. कलेजीच्या वाट्याचा पेटा घातला तर अ जीवनसत्त्व आणि तांबं येणारच नाही. दुसरं, 10 टक्के हाड म्हणजे 10 टक्के हाडाचे तुकडे नव्हेत. कोंबडीच्या पंखात वजनाचा साधारण 45 टक्के भाग हाड असतो, मानेत 36 टक्क्यांच्या आसपास, तंगडीत 30 च्या जवळ, पंजात 60. बाकीचं मांस आणि कातडी. हा फरक न कळल्यामुळे मी दुसरं टोक गाठलं होतं. कॅल्शियमच्या धास्तीने इतके पंख घातले की भुरी बागेत कण्हत बसली आणि खाली पडलं ते खडूसारखं पांढरं, हातात घेतलं असतं तर भुकटी झाली असती.

रोजच्या रोज समतोल जमवत बसू नका, आठवड्याचा हिशोब करा. 20 किलोच्या कुत्र्याचा आठवडा म्हणजे 3500 ग्रॅम. त्यात निव्वळ हाड हवं 350 ग्रॅम. ते 780 ग्रॅम पंखांतून येतं आणि पंखांबरोबर 430 ग्रॅम मांसही येतं. एकूण मांस हवं 2450, म्हणजे उरलं 2020 ग्रॅम. त्याचे मी असे भाग करतो: 350 ग्रॅम हृदय, 250 ग्रॅम छोटे तेलकट मासे आणि 1420 ग्रॅम लाल बोनलेस मांस, बेताच्या चरबीचं. कलेजी 175, गुर्दा किंवा तिल्ली 175, भाजी 350. शिवाय आठवड्याला दोन अंडी. हे सगळं फ्रीजरच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं आहे आणि घरात कोणीही त्यावरून डबे भरू शकतं.

मासे आणि अंडी हौसेने घातलेली नाहीत. कुत्र्याची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व पुरेसं तयार करत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. अंडं अख्खं द्या. कच्च्या पांढऱ्या बलकातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं, पिवळ्या बलकात ते बायोटिन असतं. नुसता पांढरा रोज घालणं चुकीचं. कलेजीचंही तारतम्य ठेवा. गाय किंवा मेंढी यांच्या कलेजीत तांबं भरपूर असतं, कोंबडीच्या कलेजीत त्या मानाने फारच कमी. आणि कुठलीही असो, कुत्रा हावरेपणाने खातो म्हणून वाढवत नेऊ नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं की तेही हाडांवरच उलटतं.

एवढं करूनही जस्त, मँगनीज, आयोडीन आणि ई जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता राहतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी 2013 मध्ये घरी बनवायच्या कुत्र्यांच्या जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. 95 टक्क्यांमध्ये किमान एक आवश्यक घटक कमी होता. पाककृती लिहिणाऱ्यांत पशुवैद्यही होते. त्यामुळे माझा वरचा हिशोब हा सांगाडा आहे असं समजा. तुमच्या कुत्र्याचं वय, वजन आणि तुम्हाला मिळणारं मांस सांगून आहारतज्ज्ञाकडून एकदा तक्ता तपासून घ्या आणि ते सांगतील ती पूरक पावडर घाला. "आलटून पालटून घातलं की आपोआप सगळं मिळतं" यावर विसंबू नका. ज्या घटकाची सगळ्याच मांसात वानवा, तो आलटून पालटून कुठून येणार?

हाड घालायची भीती वाटते? मग घालू नका. अंड्याची टरफलं धुऊन, ओव्हनमध्ये कडक करून मिक्सरमधून पीठासारखी काढा. अर्धा चहाचा चमचा भुकटीत सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम येतं आणि तेवढं 450 ग्रॅम बोनलेस मांसाला पुरतं. सुरुवातीची पहिली दोन वर्षं मी हेच करायला हवं होतं, असं आता वाटतं.

कुठलं मांस नको

डुकराचं कच्चं मांस मी घरात आणत नाही. डुकरात ऑजेस्की नावाच्या आजाराचा विषाणू असू शकतो; तो कुत्र्याला झाला तर दोन-तीन दिवसांत संपतं, उपाय नाही. शिकारीचं मांस आणि मेलेले रानपक्षीही नकोत. 2023 मध्ये कॅनडात एका पाळीव कुत्र्याने रानटी हंस (गूज) चघळला आणि बर्ड फ्लूने दगावला. नदीतल्या कच्च्या माशांपैकी काहींत थायमिन (ब1 जीवनसत्त्व) नष्ट करणारं द्रव्य असतं, म्हणून मासा आठवड्यातून एक-दोनदाच.

घशाकडचे तुकडे घेताना श्वासनलिकेलगतचा भाग टाळा. तिथे थायरॉइड ग्रंथी चिकटलेली असते. ती रोज पोटात गेली तर कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचं प्रमाण वाढतं. तहान, अस्वस्थपणा, वजन घटणं सुरू होतं आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

कोंबडीच्या मानेबद्दल एक गोष्ट मुद्दाम. मेलबर्नच्या संशोधकांनी 2018 मध्ये पायांतून वर चढत जाणारा लकवा झालेली 27 कुत्री आणि निरोगी 47 कुत्री यांची तुलना केली. लकवा झालेल्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडण्याची शक्यता 9 पटींहून जास्त होती आणि त्यांच्या खाण्यात कच्चं चिकन, विशेषतः माना होत्या. आजार विरळा आहे, बहुतेक कुत्री काही महिन्यांत सावरतात. पण त्यानंतर मी माना बंद केल्या आणि पंखांची संख्याही कमी करून निम्मं कॅल्शियम टरफलांतून देऊ लागलो.

कलेजी, फुप्फुस घेताना डोळे उघडे ठेवा. एकदा मेंढीची कलेजी कापताना सुरीखाली पाण्याने भरलेली, बोराएवढी पांढुरकी गाठ आली. ती पट्टकृमीची पुटी असू शकते. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर आपल्या लिव्हरमध्ये तशाच गाठी होतात. त्या दिवशी अख्खी कलेजी बंद पिशवीत घालून फेकली. कच्चं खाणाऱ्या कुत्र्याच्या जंतांच्या औषधात पट्टकृमींवर चालणारं प्राझिक्वांटेल आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पायरी चौथी: फ्रीजर, फ्रीज, ओटा

गोठवल्याने काही परजीवी मरतात. मासा उणे 20 अंशांवर 7 दिवस ठेवला की त्यातल्या कृमींचा धोका जातो. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया मात्र थंडीत नुसते झोपतात आणि मांसाचा बर्फ सुटला की जागे होतात. गोठवून सुकवलेलं तयार अन्नही या हिशोबात कच्चंच. विकत घेताना जंतू मारण्यासाठी उच्च दाबाची प्रक्रिया केलेलं पाकीट आणि त्यावर 'संपूर्ण आहार' असा उल्लेख पाहा. 'पूरक' लिहिलेलं पाकीट एकट्याने पोट भरायला नसतं.

माझी पद्धत अशी. मांस आणलं की त्याच दिवशी वजन करून एकेका दिवसाच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरतो आणि गोठवतो. उद्याचा डबा आदल्या रात्री फ्रीजमध्ये सर्वांत खाली, तोही एका खोल ताटात ठेवून. हे ताट एका चुकीतून आलं. पहिल्या महिन्यात डबा वरच्या कप्प्यात ठेवला होता. सकाळी पाहतो तर गुलाबी पाण्याची धार दोन कप्पे उतरून फळांच्या टोपलीत. टोपलीसकट फळं गेली आणि घरात पुढचे दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. ओट्यावर मांस सुटायला ठेवू नका, बाहेरून मऊ पडलेल्या भागात जंतू तासाभरात कित्येक पट होतात. फ्रीज 4 अंशांवर किंवा खाली हवा. सुटलेलं मांस दोन दिवसांत संपवायचं, परत गोठवायचं नाही.

मांस नळाखाली धुऊ नका. त्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर पसरतात. सुरी, पाट, स्पंज कुत्र्याचे वेगळे ठेवा. भांडं स्टीलचं, कारण प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत घाण बसते. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. नंतर भांडं गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, हात वीस सेकंद चोळून धुवा. जेवण झाल्यावर मी भुरीची हनुवटी ओल्या फडक्याने पुसतो आणि ती मान वळवून नाराजी दाखवते. चेहरा चाटू देणं आमच्याकडे बंद. शी लगेच उचलायची, बागेत खत म्हणून पुरायची नाही.

पायरी पाचवी: सवय लावणे

पहिला आठवडा एकाच प्राण्याचं, कमी चरबीचं मांस आणि टरफलाची भुकटी. जुन्या खाण्यात चौथा हिस्सा मिसळून सुरुवात करा आणि दहा-बारा दिवसांत पूर्ण बदला. कोरडं खाणं आणि कच्चं मांस एकत्र पचत नाही असं ठासून सांगितलं जातं, त्याला आधार नाही. ज्याचं पोट नाजूक, त्याला दोन वेळा वेगवेगळं द्या, हरकत नाही. कलेजी दुसऱ्या आठवड्यात, तीही नखाएवढी. एकदम घातली की जुलाब ठरलेले. त्यानंतर दुसरं मांस, मग मासा, सगळ्यात शेवटी हाड.

हाड नेहमी कच्चंच. शिजलेलं हाड सुईसारखं चिरफळतं, ताटातलं उरलेलंही देऊ नका. मोठ्या जनावराची नळी देऊ नका. ती चावताना वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरते आणि काढावी लागते. तुकडा कुत्र्याला एका घासात गिळता येईल इतका लहान नको. गिळगिळ करणारा असेल तर एक टोक हातात धरा. शेजारी बसून राहा, फोन बाजूला. वारंवार ओकारी, लाळ गळणं, पोट फुगणं, कुंथणं, रक्त, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना.

पुढचे काही आठवडे रोज शीकडे नीट पाहा. लाज वाटायची ती पहिल्याच दिवशी वाटते. पांढरी, भुसभुशीत झाली तर हाड जास्त. पातळ, गडद झाली तर कलेजी किंवा चरबी जास्त. डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर आहारात बदल करत बसू नका, तो आतल्या रक्तस्रावाचा रंग असू शकतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, मग वर्षातून एकदा.

आणि महिन्यातून दोन-तीन वेळा सगळं शिजवून घाला, हाड वगळून, टरफलाची भुकटी घालून. तुम्ही आजारी पडाल, फ्रीजर बंद पडेल, कुत्र्याला कोणाकडे तरी ठेवावं लागेल आणि तिथे कच्चं चालणार नाही. गेल्या वर्षी भुरी पाच दिवस डॉक्टरांच्या बोर्डिंगमध्ये होती. पहिले दोन दिवस शिजवलेल्या मांसाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आता दर दुसऱ्या रविवारी तिच्या डब्याला उकळी येते आणि ती पातेल्याकडे संशयाने बघत का होईना, खाते.